तळ्यातली चार बाकं

ती तळ्याच्या काठावर फोन हातात धरून उभी होती, आणि फोन तिला सांगत होता की अजून चौदा पावलं पुढे जा.

पुढे पाणी होतं. दोन बदकं होती. त्यांतलं एक तिच्याकडे बघत होतं.

"काही हरवलं का?" मागून आवाज आला.

तिनं वळून पाहिलं. उंच माणूस, खांद्याला पत्र्याची पेटी, कानामागे पेन्सिल.

"बाक शोधतेय," ती म्हणाली.

"पाण्यात?"

"एक नाही, चार आहेत. एकावर एक."

तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि पाण्याकडे अगदी गंभीरपणे बघू लागला. "कोण म्हणतं?"

"नकाशा."

"नकाशा कुणी केला?"

"मीच केला. पण आकडे माझे नाहीत. बागखात्यात कुणी सुतार आहे, त्यानं भरून दिलेत."

"मग चूक त्याचीच असणार."

"त्याचीच. माणूस कामसू दिसतो हो. तीनशे अठरा ओळी भरल्यात, एकही रिकामी सोडली नाही. पण जरा… वेंधळा असावा."

"जरा की बराच?"

"चार बाकं बुडवली म्हणजे बराचच."

त्यानं पेटी खाली ठेवली. कानामागची पेन्सिल काढली, बघितली, परत खोचली. "तो मीच," तो म्हणाला.

तिला वाटलं, आता त्या चार बाकांच्या शेजारी आपणही तळ्यात जाऊन बसावं.

तो मात्र रागावलेला दिसत नव्हता. शेजारच्या झाडाखाली एक बाक होतं, लाकडाचं, कोरडं, जमिनीवरचं. त्यानं हातानंच त्यावरची पानं झटकली. "बसा. काय बुडवलंय ते तरी दाखवा."

ती बागखात्यात तीन महिन्यांसाठी आली होती. गावातल्या बागांमधली झाडं, नळ, दिवे, बाकं, सगळं साहेबांना फोनवरच्या नकाशात हवं होतं. त्यासाठी तिनं चाळीस ओळींची एक स्क्रिप्ट लिहिली होती. एका बाजूनं एक्सेलची शीट द्यायची, त्यात नंबर, अक्षांश, रेखांश. दुसऱ्या बाजूनं नकाशाची फाइल बाहेर यायची. दोन सेकंदांचं काम. झाडं नीट आली, नळ नीट आले, दिवेही आपापल्या खांबावर आले. घोटाळा केला तो बाकांनी. काही रस्त्याच्या मधोमध, एक दवाखान्याच्या छपरावर, आणि ही चार तळ्यात.

तिनं मांडीवर लॅपटॉप उघडला. "हे बघा. दशांश चिन्हापुढे तुम्ही तीनच आकडे लिहिलेत."

"फोन सहा दाखवत होता. मला वाटलं, तीन पुरेत. पुढचं सगळं म्हणजे…" तो अडला. "भुसा."

"भुसा?"

"करवतीखाली पडतो तो. म्हटलं, तो कशाला लिहीत बसायचा."

तिनं हसू दाबलं, पण ते डोळ्यांत राहिलंच. "तिसरा आकडा म्हणजे शंभर मीटर. चौथा म्हणजे दहा-अकरा. पाचवा म्हणजे एक मोठी ढांग. आणि सहावा — अर्धी वीत. तेवढं फोनलाही नीट कळत नाही, पण लिहायचं असतं."

समोरची बदकं फिरून परत आली.

"म्हणजे मी शंभर मीटरनं चुकलो."

"कुठे कुठे."

"लाकडात मी दोन सुतांच्या वर कधी चुकलो नाही." मग हळूच म्हणाला, "हे माझ्या वडिलांना सांगू नका."

"मी तुमच्या वडिलांना ओळखत नाही."

"ते बरंय."

साहेबांना सांगणं भाग होतं. साहेब म्हणजे गोल चेहऱ्याचे, निवृत्तीला आलेले गृहस्थ. आयुष्यात कुणावर ओरडले नव्हते, आणि आता शेवटी शेवटी सुरुवात करायची त्यांची इच्छा नव्हती. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

"तीनशे अठरा बाकं परत फिरायची?"

"हो साहेब."

"महिनाअखेरच्या शुक्रवारी फाइल वर गेली पाहिजे. हिची मुदतही त्याच दिवशी संपते. अठरा दिवस आहेत. सुतारानं दाखवायचं, नकाशावालीनं लिहायचं. सकाळी ऑफिसच्या आधी जा. आणि भांडायचं असेल तर बाहेरच भांडून या."

अशी ती दोघं रोज सकाळी सहाला निघू लागली.

रोज सतरा-अठरा बाकं. तो पुढे, पेटी खांद्यावर. ती मागे, फोन आणि वही. बाक आलं की ती फोन बाकाच्या बरोबर मध्ये ठेवायची आणि आकडे थांबायची वाट बघायची. आकडे लगेच थांबत नाहीत. शेवटचे दोन बराच वेळ मागेपुढे करतात. तेवढ्या वेळात तो वाकून नट आवळायचा, फळीवरून तळहात फिरवायचा, कुठे लाकडाची कूस हाताला लागली तर पॉलिश पेपरचा तुकडा काढायचा. दोघांची कामं साधारण एकाच वेळी संपायची. चौथ्या-पाचव्या दिवशी तिच्या लक्षात आलं की आकडे थांबल्यावरही आपण थोडं थांबतो. त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण घट्ट असलेला नटसुद्धा तो परत आवळायला लागला होता.

शीटमध्ये शेवटचा रकाना शेऱ्याचा होता. ऑफिसच्या हिशेबानं तिथं 'ठीक' किंवा 'दुरुस्ती' एवढंच यायचं.

"शेरा?" ती विचारायची.

"लिही — सकाळचं ऊन पाठीवर येतं."

तो 'तुम्ही' वरून 'तू' वर कधी आला, ते दोघांपैकी कुणालाही सांगता आलं नसतं.

"हे ऑफिसला काय करायचंय?"

"ऑफिस कुठे बसणार आहे? बसणाऱ्याला करायचंय."

"बरं. एकशे बारा?"

"लिही, उजवीकडे बसू नये, वरती कावळ्याचं घर आहे."

"एकशे तेरा?"

त्यानं बाकाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "दोघांना पुरतं. तिसरा आला तर एकाला उठावं लागतं."

"आणि तिसरा आलाच तर कोण उठणार?"

"तिसरा," तो म्हणाला, आणि पुढच्या बाकाकडे चालू लागला.

तिनं ते सगळं जसंच्या तसं लिहिलं. संध्याकाळी घरी बसून स्क्रिप्टमध्ये दोन ओळी वाढवल्या, म्हणजे नकाशात बाकावर बोट ठेवलं की शेराही दिसेल. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

सोबत चालणं ही तशी साधी गोष्ट. ज्यांना सोबत असते त्यांना ती चालताना तेवढी कळत नाही. पाऊल पावलाशी जुळतं, कोणी तरी बोलतं, कोणी तरी 'हं' म्हणतं, रस्ता संपतो. त्या दोघांचंही तसंच चाललं होतं. फरक एवढाच की त्यांचा रस्ता किती उरला, ते शीटमध्ये लिहिलेलं होतं.

दुसऱ्या आठवड्यात तिला पत्र आलं. लांबच्या शहरातल्या एका कार्यालयानं एका मोठ्या नदीची मोजणी काढली होती. उगमापासून समुद्रापर्यंत, प्रत्येक वळण, प्रत्येक घाट, दोन वर्षांचं काम. तिनं तीनदा अर्ज केला होता. आता ते या म्हणत होते, आणि उत्तर महिनाअखेरच्या शुक्रवारी पाचच्या आत हवं होतं.

ती मावशीकडे राहत होती. मावशी कपडे शिवायची आणि तोंडात टाचण्या धरून बोलायची, त्यामुळे तिचं बोलणं आपोआपच मोजकं झालं होतं.

"मग? नाचायचं सोडून तोंड का असं?" मावशीनं विचारलं.

"जायचंय मला, मावशी. जाणारच आहे."

"मग अडलंय कुठे?"

ती जमिनीवर सांडलेल्या टाचण्या वेचू लागली.

"सुतार ना?"

"त्याचा काय संबंध?"

"काही नाही. रोज साडेपाचला उठतेस, जिला आम्ही आठलाही उठवू शकत नव्हतो. म्हणून म्हटलं." मावशीनं टाचणी कापडात खुपसली. "सांगितलंस त्याला?"

"नोकरीचं सांगितलं. चांगलं झालं म्हणाला."

"आणि दुसरं?"

"दुसरं त्यानं सांगावं."

"तो म्हणत असेल, हिनं सांगावं. बसा मग, बाकं भरपूर आहेत."

ती हसली, पण तिला ते लागलं. नोकरी सोडायचा विचार तिच्या मनात नव्हता. ती नदी तिला हवीच होती. पण न सांगता, न ऐकता निघून गेलो, तर ही दोन वर्षं आपण नकाशावर नदी काढू आणि मन मात्र इथल्या कुठल्या तरी बाकाशी थांबलेलं असेल, हे तिला स्पष्ट दिसत होतं. शुक्रवारी पाचच्या आत तिला एवढंच कळायला हवं होतं, की त्याच्या मनात आहे की नाही. नाही असेल तर नाही. तेही चालेल, असं ती स्वतःला सांगत होती.

शेवटच्या आठवड्यातल्या मंगळवारी, टेकडीवरच्या बागेत, दोनशे ब्याऐंशीव्या बाकावर तिनं धीर केला. खाली सगळं गाव दिसत होतं. धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं, छपरं एकेक करून बाहेर येत होती.

"मी गेल्यावर या नकाशाचं काय होईल?" तिनं विचारलं.

"साहेब बघतील."

"साहेब निवृत्त होतायत."

"मग नवे साहेब बघतील."

"आणि… तू?"

तो फळीवरून हात फिरवत होता. हात थांबला. तो काही तरी म्हणणार असं तिला वाटलं, म्हणजे ओठ हललेसुद्धा. मग त्यानं पेटीतून पान्हा काढला.

"शेरा राहिला लिहायचा," तो म्हणाला.

तिनं वहीत लिहिलं — ठीक. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

बुधवारी सहाला ती बागेच्या फाटकाशी उभी राहिली. सव्वासहा झाले, साडेसहा झाले. शेवटी ती ऑफिसात गेली.

"त्यानं दोन दिवस रजा टाकलीय," साहेब म्हणाले. "कारण लिहिलंय घरगुती. तुला बोलला नाही?"

"मला कशाला बोलेल?"

साहेबांनी तिच्याकडे बघितलं आणि चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छ होता.

उरलेली छत्तीस बाकं तिनं एकटीनं केली. दोन दिवस, भरभर. नट कोण आवळणार, कूस कुठे लागते कोण बघणार. तिनं फोन ठेवला, आकडे लिहिले, निघाली. शेऱ्यात सगळीकडे 'ठीक'. शुक्रवारी दिवसभरात तिनं ती पानं शीटमध्ये भरली, चारच्या सुमाराला स्क्रिप्ट चालवली आणि साहेबांना नकाशा दाखवला.

साहेबांनी नकाशा लहान केला, अजून लहान केला. पृथ्वी दिसायला लागली तेव्हा ते थांबले.

"अगं, ही आपली छत्तीस बाकं वर उत्तरेला बर्फाच्या समुद्रात कशाला पाठवलीस?"

तिनं वाकून पाहिलं. खरंच. पांढऱ्या भागात, एकाच ठिकाणी दाटलेले हिरवे ठिपके, वर आकडा छत्तीस. रागाच्या भरात तिनं अक्षांशाच्या जागी रेखांश आणि रेखांशाच्या जागी अक्षांश भरले होते. नकाशाच्या फाइलचं याबाबतीत फार कडक असतं. कोण आधी, कोण नंतर, यात जराही इकडचं तिकडे चालत नाही. हे ती दुसऱ्यांना शिकवत आली होती.

"थकलेल्या माणसांसाठी, साहेब," ती म्हणाली. "तिकडेही असतील."

"असतील. पण आपल्या खात्यात येत नाहीत." मग साहेबांचा आवाज जरा बदलला. "तीनशे अठरातली छत्तीस गेली तर चालतं गं. दुरुस्त होतात. शीटमध्ये होतात ना, तशी सगळीकडे होतात असं मात्र नाही. तो दुपारी आलाय. शेडमध्ये आहे."

"तुम्ही मला हे का सांगताय?"

"मी काही सांगत नाहीये. मी निवृत्त होतोय."

तिनं त्या छत्तीस ओळींतल्या दोन रकान्यांची अदलाबदल केली. स्क्रिप्ट चालवली. छत्तीस बाकं बर्फातून निघून आपापल्या झाडाखाली आली. फाइल तिनं चार वाजून पस्तीस मिनिटांनी वर पाठवली, लॅपटॉप मिटला, आणि दोन मिनिटं मिटलेल्या लॅपटॉपवर हात ठेवून बसली. मग उठली.

शेड ऑफिसच्या मागे होती. दार उघडंच होतं. तो एका फळीला रंधा मारत होता, आणि त्या आवाजात त्याला तिची पावलं ऐकू आली नाहीत. शर्ट चुरगळलेला, डोळे लाल, प्रवासातून थेट आल्यासारखा.

"फाइल गेली," ती म्हणाली.

रंधा थांबला. "सगळी बाकं आली?"

"आली. छत्तीस तुझ्याशिवाय." तिनं दाराच्या चौकटीला पाठ टेकली. "मला पाच वाजायच्या आत एक उत्तर पाठवायचंय. मी हो म्हणणार आहे, ते ठरलंय. त्याबद्दल तुला विचारायला आले नाही. मी एवढंच विचारायला आले की मंगळवारी तू काय म्हणणार होतास?"

त्यानं फळीवरचा भुसा झटकला.

"आणि शेरा राहिला, असं परत म्हणालास तर मी हा रंधा घेऊन जाईन."

"नको. वडिलांचा आहे तो." त्यानं रंधा बाजूला ठेवला. हात पँटला पुसले, मग पुसायचं झालं तरी पुसत राहिला. "मंगळवारी… माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं."

"काहीच?"

"म्हणजे मनात होतं. पण थांब म्हणावं, तर तू तीनदा अर्ज केलायस. ती नदी सोडून तू इथं राहिलीस, आणि एखाद्या दिवशी माझ्याकडे बघताना तुला ती नदी दिसली, तर मी कुठे तोंड लपवू? आणि जा म्हणावं, तर ते तोंडातून निघेना. म्हणून आधी जाऊन बघून आलो."

"काय बघून आलास?"

"तुझं ते नोकरीचं गाव."

ती चौकटीपासून सरळ झाली.

"रात्रभर बस," तो म्हणाला. "मोठं आहे गाव. एकवीस बागा आहेत. मी मोजल्या. बाकं आहेत, पण हाल आहेत त्यांचे. एकाच्या दोन फळ्या गेल्यात, एकाचा पायच नाही, लोक तसेच तिरके बसलेत. तिथल्या बागखात्यात गेलो. एक बाई होत्या, त्यांना म्हटलं, तुमच्याकडे सुतार आहे की नाही? त्या म्हणाल्या, होता. दीड वर्षापासून नाही." त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला, पण तिच्या हातात दिला नाही. "पुढच्या महिन्यापासून या म्हणालेत. सहा महिने बघू म्हणाले."

"आणि हे मला न विचारता?"

"हातात काही नसताना बोलायला नको वाटलं."

"माझ्याशी बोलायला हातात काय लागतं रे?"

तो कागदाची घडी अजून लहान करू लागला.

"समजा, मी म्हटलं असतं, माझ्या मनात तसं काही नाही. मग?"

"मग तिथल्या बाकांचं नशीब. दुरुस्त झाली असती."

तिला हसू आलं, आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणीही, आणि दोन्ही त्याला दिसू नये म्हणून ती फळीकडे बघू लागली. फळी गुळगुळीत झाली होती. "तुझे वडील?"

"त्यांना विचारलं. म्हणाले, मी इथंच बरा, मला कुणी हलवू नका. तुझी हत्यारं दोन पेट्यांत मावतात, जा. बहीण शेजारीच राहते त्यांच्या." मग जरा थांबून म्हणाला, "मुलगी कशी आहे, तेही विचारलं त्यांनी."

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, माझ्या चुका काढते."

"अजून?"

"म्हटलं, तोंडावर हसत नाही. डोळ्यांत हसते, आणि आपल्याला दिसत नाही असं समजते."

बाहेर कुणी तरी झाडांना पाणी घालत होतं. नळीचा आवाज येत होता, मातीचा वास येत होता. ती दोन पावलं पुढे आली आणि त्याच्या हातातला तो कागद काढून घेतला, कारण घड्या घालून घालून त्याचं काही उरलं नसतं. कागद घेतला तरी हात तिथंच राहिला. त्याचा तळवा खरखरीत होता. लाकडात दोन सुतांच्या वर न चुकणारा हात.

"आता नीट सांग," ती म्हणाली. "एका वाक्यात. मला वेळ नाही, पाच वाजायला अकरा मिनिटं आहेत."

"मला तुझ्याबरोबर राहायचंय," तो म्हणाला. "तू असशील तिथे."

"एवढंच सांगायला रात्रभर बसनं गेलास."

"जाऊन-येऊन दोन रात्री."

तिनं एका हातानं फोन काढला. दुसरा हात सोडवून घेतला नाही, त्यामुळे चार शब्द लिहायला तिला बराच वेळ लागला. लिहून झाल्यावर तिनं ते एकदा वाचलं आणि पाठवून दिलं.

"काय लिहिलंस?" त्यानं विचारलं.

"सोमवारी पहिल्या तारखेला येते."

"एकटीच?"

"नोकरी त्यांनी एकटीलाच दिलीय," ती म्हणाली. "बाकीचं त्यांना कशाला सांगायचं?"